तारण

राजगृहीचा राजा श्रेणिक आणि पुणिया श्रावक यांची कथा जैन घरांत लहानपणीच कानांवर पडते. पुढील भवात आपल्याला नरकगती आहे, हे भगवान महावीरांकडून कळताच श्रेणिक हवालदिल झाला आणि ती टाळण्याचा उपाय विचारू लागला. भगवंतांनी सांगितलेल्या उपायांपैकी एक असा होता, की पुणिया श्रावकाच्या एका सामायिकाचे फळ राजाने विकत घ्यावे. मगधाच्या अधिपतीला हा सौदा अगदीच सोपा वाटला. पुणिया हा पेळू तयार करून विकणारा गरीब माणूस. रोजची मिळकत इतकी तुटपुंजी, की एका साधर्मिकाला जेवू घालता यावे म्हणून तो आणि त्याची पत्नी आळीपाळीने उपवास करीत. राजा त्याच्या दारी गेला आणि मागेल ती किंमत देऊ लागला. पुणियाने नम्रपणे सांगितले, की सामायिकाची किंमत त्याला ठाऊक नाही. ज्यांनी ते घ्यावयास सांगितले त्यांनाच ती विचारावी. श्रेणिक परत आला, तेव्हा भगवंत म्हणाले, की राजाचे सारे भांडार रिते केले तरी ते त्या सामायिकाच्या दलालीलाही पुरणार नाही. मूळ किंमत तर दूरच राहिली.

ही कथा व्यापारी समाजाने शतकानुशतके सांभाळली यात नवल नाही. तिच्यात गिऱ्हाईक आहे, ऐपत आहे, भावाची विचारपूस आहे, दलालीदेखील आहे. नाही तो केवळ विकाऊ माल.

युरोपातील ख्रिस्ती जगात मात्र नेमका हाच व्यवहार एकदा प्रत्यक्षात झाला आणि तोही धर्मपीठाच्या शिक्क्यानिशी. त्यात सावकार होता, कर्जरोखा होता, दरपत्रक होते आणि पेटीच्या किल्ल्या सांभाळणारे गुमास्ते होते. त्या व्यवहाराविरुद्ध एका मठवासी अध्यापकाने उभ्या केलेल्या प्रश्नातून ‘माणसाचे तारण ईश्वराच्या कृपेने होते, माणसाच्या सत्कर्मांनी नव्हे’ हा जुनाच ख्रिस्ती सिद्धान्त नव्या त्वेषाने पुढे आला आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्मसंस्था दुभंगली. कर्मसिद्धान्तावर वाढलेल्या जैन वाचकाला हा सिद्धान्त परका, किंबहुना खटकणारा वाटेल. परंतु तो ज्या बाजारातून उठला, तो बाजार पाहिल्याविना त्याबद्दल मत बनवणे म्हणजे वही न उघडता ताळेबंदावर सही करण्यासारखे होईल.

प्रकरण सुरू होते ते इ. स. १५१४ मध्ये. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग राजघराण्यातील आल्ब्रेख्त हा तरुण त्या वेळी चोवीस वर्षांचाही पुरता नव्हता. मागडेबुर्गचे आर्चबिशपपद त्याच्याकडे आधीच होते. आता त्याला माइन्झचेही हवे होते, कारण माइन्झचा आर्चबिशप हा सम्राटाची निवड करणाऱ्या सात जणांपैकी एक असे. वय कमी, आणि एका माणसाकडे इतकी पदे असणे धर्मसंस्थेच्या नियमांत बसत नव्हते. नियमाला अपवाद करून घ्यायचा, तर रोमला मोठी रक्कम भरावी लागणार होती. ती आल्ब्रेख्तने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्जाऊ घेतली. वीस हजार गुल्डनांहून अधिक सुवर्णमुद्रांचे ते कर्ज होते. पेढीचा प्रमुख याकोब फुगर हा त्या काळच्या युरोपातील सर्वांत धनाढ्य व्यक्तींपैकी एक. तारुण्यात व्हेनिसला राहून तो व्यापार आणि हिशेबाची कला शिकून आला होता. अशा माणसाने परतफेडीची सोय पाहिल्याशिवाय पैसा सोडला असता, हे संभवत नाही.

ती सोय पोप दहावा लिओ याने करून दिली. आल्ब्रेख्तच्या प्रदेशात आठ वर्षे पापमुक्तिपत्रे विकण्याची परवानगी त्याला मिळाली. येणाऱ्या उत्पन्नाचा अर्धा भाग रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला जायचा आणि अर्धा फुगरांचे कर्ज फेडण्यासाठी. लोकांना सांगितले जाई ते केवळ बांधकामाचे. मराठीत ‘तारण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या मराठीत तो पापापासून सुटका या अर्थाने येतो; पेढीवर आणि बँकेत तो कर्जाच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या मालमत्तेसाठी वापरतात. आल्ब्रेख्तच्या कर्जात हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर आले. भाविकांना असलेली तारणाची आशा, हेच त्या कर्जाचे तारण होते.

पापमुक्तिपत्र म्हणजे नेमके काय, याविषयी थोडे सावधपणे बोलावयास हवे, कारण त्याची टिंगल करणे फार सोपे आहे. कॅथलिक धर्मशास्त्रात पापाचा दोष आणि पापाबद्दलची ऐहिक शिक्षा यांत भेद केला जातो. दोषाची क्षमा पश्चात्ताप व पापकबुलीने होते. उरलेली शिक्षा या जन्मात प्रायश्चित्ताने, नाहीतर मरणानंतर शुद्धिस्थानात भोगून फेडावी लागते. ख्रिस्ताचे आणि संतांचे पुण्य हे त्यांच्या गरजेहून अपार असल्याने त्याचा एक अक्षय कोष आहे आणि त्यातून इतरांची शिक्षा कमी करण्याचा अधिकार धर्मसंस्थेला आहे, असे पोप सहावा क्लेमेंट याने १३४३ मध्ये जाहीर केले होते. पुढे १४७६ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने ही सवलत शुद्धिस्थानातील मृतात्म्यांनाही लागू केली. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर संतांच्या खात्यावरील शिलकेवर पापी माणसाच्या नावे धनाकर्ष काढण्याची ही व्यवस्था होती. शास्त्र काहीही सांगो, गावच्या चौकात ते ‘पैसे भरा आणि सुटा’ असेच पोहोचले.

योहान टेट्झेल हा डॉमिनिकन पंथाचा धर्मोपदेशक या मोहिमेचा प्रमुख विक्रेता होता. दर ऐपतीप्रमाणे ठरलेले होते. राजे, राण्या, आर्चबिशप यांना पंचवीस सुवर्ण गुल्डन. त्याखाली सरदार, व्यापारी, कारागीर अशी उतरती भाजणी. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी प्रार्थना व उपवास करावेत. शेवटची तरतूद उदार होती हे मान्य केले पाहिजे. पेटीत नाणे वाजताच शुद्धिस्थानातील आत्मा वर उडतो, अशा अर्थाचे दावे करणारे प्रचारक त्या काळी होते. जमा झालेल्या रकमेवर फुगरांचे प्रतिनिधी लक्ष ठेवून असत.

सॅक्सनीचा शासक असलेला निर्वाचक (इलेक्टर) फ्रेडरिक याने मात्र टेट्झेलला आपल्या राज्यात येऊ दिले नाही. त्यामागे तत्त्वनिष्ठा होती, असा समज करून घेण्याचे कारण नाही. फ्रेडरिकचा स्वतःचाच विटेनबर्ग येथे संतांच्या अवशेषांचा संग्रह होता. पुढे त्यातील वस्तूंची संख्या एकोणीस हजारांवर गेली आणि त्यांच्या दर्शनानेही शिक्षेत सूट मिळत असे. शेजारच्या दुकानदाराला आपल्या पेठेत कोण येऊ देईल? तेव्हा विटेनबर्गचे लोक सीमेपलीकडे जाऊन पत्रे घेऊन येऊ लागले आणि ती आपल्या धर्मगुरूला दाखवू लागले. तो धर्मगुरू म्हणजे विटेनबर्गच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारा मार्टिन ल्यूथर.

ल्यूथरचे वडील तांब्याच्या खाणधंद्यात होते आणि मुलाने वकील व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. १५०५ च्या उन्हाळ्यात वादळात सापडून जवळच वीज कोसळली, तेव्हा भयाने त्याने संन्यासाचा नवस बोलला आणि काही दिवसांतच तो एरफुर्टच्या मठात दाखल झाला. मठातील त्याचे जीवन जैन वाचकाला अनोळखी वाटणार नाही. उपवास, जागरणे, थंडी सोसणे, रात्रंदिवस प्रार्थना. आणि या सर्वांहून अधिक म्हणजे आत्मपरीक्षण. एका बैठकीत तो सहा सहा तास पापांची कबुली देत असे आणि परत फिरता फिरता राहून गेलेले काहीतरी आठवून पुन्हा येई. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ या बारकाव्यांनी कंटाळून जात. रोजकीर्द लिहून झाली की एखादी नोंद राहिली असेल, ही धास्ती असलेला कारकून जसा रात्री पुन्हा दिवा लावतो, तशी ल्यूथरची स्थिती झाली होती. अडचण पापांच्या संख्येची नव्हतीच. त्याला हळूहळू असे दिसू लागले, की तो करीत असलेले प्रत्येक सत्कर्म शिक्षेच्या भीतीने किंवा फळाच्या आशेने होत आहे; म्हणजे ज्या स्वार्थातून सुटण्यासाठी तप करावयाचे, तोच स्वार्थ तपाच्या मुळाशी बसला आहे. हिशेब जितका काटेकोर, तितका हिशेब ठेवणारा ‘मी’ मोठा होत चालला होता.

१५१५-१६ मध्ये प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रावर व्याख्याने देत असताना आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याला वाट सापडत गेली. पौलाने ज्याला ईश्वराचे नीतिमत्त्व म्हटले आहे, ते न्यायाधीशाचे मोजमाप असे ल्यूथर आजवर समजत होता. आता त्याला वाटू लागले, की ते मोजमाप नसून दान आहे. ईश्वर माणसाकडून नीतिमत्त्वाची मागणी करीत नाही, ते त्याला देतो, आणि माणसाने ते विश्वासाने केवळ स्वीकारायचे असते. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस या तपस्व्याशी वाद घालताना संत ऑगस्टीन याने हीच भूमिका मांडली होती. माणसाने मनावर घेतले तर तो स्वप्रयत्नाने निष्पाप राहू शकतो, हे पेलाजियसचे म्हणणे होते, आणि धर्मसंस्थेने ते ४१८ मध्ये निषिद्ध ठरवले. जैन वाचकाला या वादात पेलाजियसच आपला वाटण्याचा संभव आहे.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आर्चबिशप आल्ब्रेख्तला पत्र लिहिले आणि त्यासोबत पापमुक्तिपत्रांवरील आपली ९५ विधाने पाठवली. ती त्याने चर्चच्या दारावर खिळ्यांनी ठोकली की नाही, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पत्राबद्दल मतभेद नाही. ही विधाने तशी क्रांतिकारक नव्हती. पश्चात्ताप हा एका दिवसाचा विधी नसून ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, येथून त्यांचा आरंभ होतो. गरजूला मदत करणे हे पत्र विकत घेण्यापेक्षा श्रेयस्कर आहे, असे एकात म्हटले आहे. दुसऱ्या एका विधानात सामान्य लोकांचा रोकडा प्रश्न नोंदवला आहे, की पोप एवढा श्रीमंत आहे, तर तो गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही. या प्रश्नाचे उत्तर फुगरांच्या वहीत होते, पण त्या कर्जाची गोष्ट बहुधा ल्यूथरलाही तेव्हा ठाऊक नव्हती.

कृपेचा हा सिद्धान्त व्यापाऱ्याला समजावून सांगण्यासाठी येशू ख्रिस्ताच्याच एका दृष्टान्ताइतके दुसरे चांगले साधन नाही. तो मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. एका राजाने नोकरांचे हिशेब तपासावयास घेतले. एकाकडे दहा हजार तालांत येणे निघाले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. याचा अर्थ कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. वर्षाला तीनशे दिवस काम धरले, आणि पोटाला काहीही न खाता सगळी मजुरी भरली, तरी फेडायला दोन लाख वर्षे लागतील. तो नोकर राजाच्या पाया पडला आणि म्हणाला, की मला मुदत द्या, मी सगळे फेडीन. येथे थांबून पाहण्यासारखे आहे. त्याने मागितली ती मुदतवाढ. राजाने दिली ती माफी. ज्याला आपल्या कर्जाचा आकडाच उमगलेला नाही, तोच अशी मुदत मागू शकतो, आणि ल्यूथरच्या मते सत्कर्मांनी तारण मिळवू पाहणारा प्रत्येक माणूस हाच अर्ज करीत असतो.

बँकेत ‘निर्लेखित’ केलेले कर्ज माफ झालेले नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. ते ताळेबंदातून काढून टाकतात. वसुली चालूच राहते. राजाने केले ते निर्लेखन नव्हते, ती माफीच होती. पण माफ केलेली रक्कम हवेत विरून जात नाही. तिचा तोटा कोणाच्या तरी खाती पडतोच. सहा कोटी दीनारांचा तोटा राजाच्या तिजोरीने सोसला. क्रूसावर ख्रिस्ताने हाच तोटा स्वतःच्या अंगावर घेतला, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. पापाला कर्जाची उपमा देऊन ते फेडण्यासाठी ईश्वराला मनुष्य का व्हावे लागले, याची मीमांसा अँसेल्म या धर्मपंडिताने १०९८ च्या सुमारास एका स्वतंत्र ग्रंथातच केली आहे.

दृष्टान्ताचा उत्तरार्ध अधिक बोचरा आहे. माफी मिळालेला तो नोकर बाहेर पडला आणि त्याला शंभर दीनारांचे देणे असलेला एक सोबती भेटला. शंभर दीनार म्हणजे चारेक महिन्यांची मजुरी. सोबत्याने त्याच शब्दांत मुदत मागितली. याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. राजाला हे कळताच त्याने दिलेली माफी रद्द केली.

कृपेच्या सिद्धान्ताविरुद्धचा सर्वांत मोठा आक्षेप येथेच उभा राहतो. तारण जर फुकटच मिळणार असेल, तर माणसाने सचोटीने का वागावे? हा आक्षेप ल्यूथरच्या काळीही घेतला गेला आणि त्याच्या आधी दीड हजार वर्षे पौलालाही त्याचे उत्तर द्यावे लागले होते. बायबलमध्येच याकोबाचे पत्र आहे, आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे ते स्पष्ट सांगते. ल्यूथरला ते पत्र फारसे रुचत नसे आणि त्याने त्याची गवताशी तुलना केली होती. मोठ्या माणसांनाही आपल्या मतास अडचणीचा कागद बाजूला सारण्याचा मोह आवरत नाही. तरी त्याचे उत्तर नीट ऐकण्यासारखे आहे. १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या ग्रंथात त्याने झाड आणि फळ यांचा दाखला घेतला. चांगली फळे झाडाला चांगले करीत नाहीत. चांगल्या झाडाला चांगली फळे येतात. ज्याला स्वतःसाठी काही कमवायचे उरले नाही, तोच शेजाऱ्यासाठी निर्हेतुकपणे काही करू शकतो.

हे उत्तर कागदावर देखणे आहे. ते आयुष्यात कसे दिसते हे पाहायचे, तर पुणे जिल्ह्यातील केडगावकडे पाहावे लागते. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणकथनावर निर्वाह करणारे विद्वान. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरत असे आणि असलेला पैसा व्रते, दाने, पूजा यांत खर्च होई. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले, पुढे थोरली बहीणही गेली. इतके पुण्य जमा करूनही काहीच हाती लागले नाही, हे शल्य घेऊन रमाबाई भावासह देशभर पायी हिंडल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आणखी सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना त्यांना उमगले, की आपण एक कर्मकांड टाकून दुसऱ्या नियमांवर विसंबून राहिलो आहोत. त्यानंतर त्यांनी तारणासाठी काही कमावण्याचा विचार सोडला.

आणि मग त्यांनी केले काय? १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः जाऊन अनाथ मुली आणि विधवा यांना आणले, केडगावी मुक्तिसदन उभारले, शेकडो स्त्रियांना अन्न, अक्षर आणि विणकाम, छपाई यांसारखा हाताला धंदा दिला, आणि १९२२ मध्ये मरण येईपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. सत्कर्माने तारण होत नाही असे मानणाऱ्या बाईंनी केलेल्या कामाचा हा ढीग पाहिला, की आक्षेपाची धार बरीच बोथट होते. ती पूर्ण नाहीशी होते असे मात्र म्हणता येत नाही. रमाबाई थोड्या, कृपेचे नाव घेऊन शेजाऱ्याचा गळा धरणारे नोकर सर्वच काळांत पुष्कळ.

आता जैन दर्शनाकडे. पुण्य विकत मिळत नाही, येथपर्यंत श्रेणिकाची कथा आणि ल्यूथरची विधाने हातात हात घालून चालतात. पुढे वाट फुटते, आणि ती का फुटते हे बहुतेक वेळा चुकीचे सांगितले जाते. ‘ख्रिस्ती धर्म दयेचा आणि जैन धर्म कठोर’ असा तो भेद नाही. माफी द्यायला धनको लागतो. ख्रिस्ती विचारात पाप हे ईश्वर नावाच्या धनकोचे देणे आहे, म्हणून तो ते सोडू शकतो. कर्मसिद्धान्तात धनकोच नाही. कर्म हे आत्म्याला चिकटलेले पुद्गल आहे. अंगावर साचलेला मळ कोणी माफ करीत नाही, तो धुवावा लागतो. नवा मळ थांबवणे म्हणजे संवर आणि जुना झाडून टाकणे म्हणजे निर्जरा. तीर्थंकर वाट दाखवतात. ते कोणाच्या खात्यावर काही जमा करीत नाहीत. श्रेणिक हा भगवंतांचा परमभक्त, येणाऱ्या चोवीशीतील पहिला तीर्थंकर होणारा जीव. पण त्याने बांधलेले नरकायुष्य निकाचित होते आणि साक्षात भगवंत समोर असूनही ते टळले नाही. एवढ्या जिव्हाळ्याच्या भक्तासाठीही कोणी जामीन राहिले नाही, यात कठोरपणा शोधणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की ज्या व्यवस्थेत कोणाला सूट नाही, तिच्यात कोणाचा वशिलाही नाही आणि आल्ब्रेख्तला दुकान मांडायला जागाही नाही.

निदान सिद्धान्तात तरी नाही. पर्युषणात स्वप्नांची, आरतीची, पारण्याची बोली चढत जाते, तेव्हा देणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक. परिग्रहावरील ममत्व तेवढ्यापुरते सुटले, तर त्या दानाला अर्थ आहे. शास्त्राची दृष्टी त्या ममत्वावर आहे, आकड्यावर नाही. पण आकडा जाहीर होताच सभा मान वळवून पाहते, दुसऱ्या वर्षी त्याहून मोठा आकडा लावण्याची ईर्षा घराघरांत शिरते, आणि लाभार्थी म्हणून फलकावर कोरलेले नाव वाचायला नातवंडांना नेले जाते. फळ विकत घेतले असे ज्याला मनातून वाटते, तो पुणियाच्या दारात थैली घेऊन उभा आहे. पंचवीस गुल्डनांचे दरपत्रक वाचून हसणाऱ्याने थोडे जपूनच हसावे.

आणि धनको नसल्याचे जे म्हटले, तेही एका ठिकाणी खरे राहत नाही. माणसामाणसांत धनको असतोच. संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना समोर कर्म नसते, माणूस असतो. त्याचे देणे असते किंवा त्याच्याकडून येणे असते. त्याने दिलेल्या क्षमेने बांधलेले कर्म आपोआप झडते असे शास्त्र म्हणत नाही, परंतु ती मागण्याची आणि देण्याची आज्ञा मात्र निःसंदिग्ध आहे. ती कमावता येत नाही. समोरच्याने दिली तर मिळते. ख्रिस्ती भाषेत जिला कृपा म्हणतात, ती जैन घरात वर्षातून एक दिवस तरी उंबरठ्यावर येऊन उभी राहते. दुकानाच्या वाटणीवरून पंधरा वर्षे न बोलणारे दोन भाऊ त्या दिवशी साऱ्या गावाला पत्रे आणि संदेश पाठवतात. एकमेकांना पाठवत नाहीत. वकील पुढची तारीख घेतो. शंभर दीनारांचा तो दावा दोन पिढ्या चालतो.

युरोपात पुढे काय झाले हे थोडक्यात सांगता येईल. १५२१ च्या आरंभी ल्यूथरला धर्मबहिष्कृत करण्यात आले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक बाजू नेमकेपणाने मांडली: आरंभ कृपेचाच, परंतु माणसाने त्या कृपेला साथ द्यावयाची असते. त्याच परिषदेने १५६२ मध्ये पापमुक्तिपत्रांसाठी पैसा गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द केले. म्हणजे दुकान बंद होण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात आणि नंतरही या वादाच्या नावाने जी युद्धे झाली, त्यांत कृपा कोणीच दाखवली नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ल्यूथरच्या पत्रानंतर ४८२ वर्षांनी, कॅथलिक धर्मसंस्था आणि जागतिक ल्यूथरन संघ यांच्या प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ईश्वर माणसाला स्वीकारतो तो माणसाच्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, केवळ कृपेने. आणि ती कृपाच त्याला सत्कर्मास प्रवृत्त करते, असे दोन्ही बाजूंनी एकत्र मान्य केले. उरलेले मतभेदही त्यात नोंदवले आहेत. सह्यांसाठी निवडलेले गाव होते आउग्सबुर्ग आणि स्थान सेंट अ‍ॅनचे चर्च. १५१८ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने ल्यूथरची चौकशी केली ती याच गावात, फुगरांच्या वाड्यात. आणि त्या वेळी ल्यूथर उतरला होता तो सेंट अ‍ॅनच्या मठात. त्याच चर्चमध्ये फुगर घराण्याने बांधलेल्या दालनात, अखेरपर्यंत कॅथलिक राहिलेल्या याकोब फुगरची समाधी आहे. चर्च मात्र त्याच्या मृत्यूच्या सुमारासच ल्यूथरच्या अनुयायांकडे गेले.

चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फुगरने गावातील गरजू कॅथलिक कुटुंबांसाठी १५२१ मध्ये स्थापन केलेली घरांची वसाहत आहे. भाडे तेव्हा वर्षाला एक गुल्डन होते. आजही ते तेवढेच आहे. युरोच्या हिशेबात अठ्ठ्याऐंशी सेंट. त्याशिवाय प्रत्येक रहिवाशाने दिवसातून तीन वेळा संस्थापकाच्या आणि त्याच्या घराण्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, ही अट दानपत्रात घातलेली आहे आणि तीही अद्याप लागू आहे.